वाचकांचे प्रश्न : खात्यातून पैसे गेले, पण कर भरला गेला का?

प्रश्न : मी एकट्याच्या मालकीचा लहानसा छापखाना चालवतो. जीएसटी नियमित भरतो. यंदा जूनच्या अखेरीस व्यवसाय कर प्रथमच स्वतः ऑनलाइन भरला. बँक खात्यातून २,५०० रुपये वजा झाल्याचा संदेश आला, पण संकेतस्थळावर चलन उमटलेच नाही. मुदत टळू नये म्हणून पुन्हा भरावे का? शिवाय जीएसटी भरत असताना हा कर वेगळा कशासाठी?

उत्तर : लगेच दुसऱ्यांदा भरू नका. महाराष्ट्रात व्यवसाय कराची रक्कम ‘ग्रास’ या शासकीय जमा प्रणालीतून कोषागारात जाते आणि चलन तयार होताच त्याला जीआरएन हा क्रमांक मिळतो. बँकेकडून पैसे मिळाल्याची खबर प्रणालीपर्यंत पोहोचली की त्या चलनावर सीआयएन, म्हणजे बँकेच्या जमेची खूण देणारा क्रमांक, उमटतो. आपल्या बाबतीत बहुधा या दोन टप्प्यांच्या मधेच संपर्क तुटला असावा. जीआरएन टिपून ठेवला असेल तर ग्रासच्या संकेतस्थळावर चलन शोधण्याची सोय आहे. तेथे स्थिती पाहावी आणि बँकेच्या उताऱ्यावरील व्यवहार क्रमांक व तारीख त्याच कागदावर लिहून ठेवावी. रक्कम बँकेने परत केली असेल तर ती उताऱ्यात दिसेलच, आणि तेव्हाच नवे चलन काढावे. घाईने दोनदा भरलेला कर परत मिळवण्यासाठी अर्ज आणि पाठपुरावा करावा लागतो, आणि लहान व्यावसायिकाला तो वेळ परवडत नाही, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे.

चलन हाती आल्यावर ते फाईलला लावण्यापूर्वी दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली म्हणजे क्रमांक. व्यावसायिकाने स्वतःसाठी भरायच्या कराचा, अर्थात पीटीईसीचा, क्रमांक ९९ ने सुरू होतो, तर कामगारांच्या पगारातून कापलेला कर ज्या नोंदणीखाली भरला जातो त्या पीटीआरसीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. दोन्हींच्या शेवटी इंग्रजी ‘पी’ असल्यामुळे घाईत नजर फसते. दुसरी गोष्ट कालावधीची, आणि खरी गल्लत तेथेच होते. प्राप्तिकराच्या सवयीने आपण सरलेल्या वर्षाचा हिशेब करतो, परंतु ३० जूनपर्यंत भरायचा पीटीईसीचा कर हा चालू वर्षाचा, म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या १ एप्रिलपासून पुढच्या ३१ मार्चपर्यंतचा असतो. माझ्यासमोर आलेल्या एका चलनात रक्कम बरोबर, क्रमांक बरोबर, तारीखही मुदतीतली होती. फक्त वर्ष मागचे निवडले होते. त्या गृहस्थांचे पैसे सरकारजमा झाले होते, तरी चालू वर्षाची थकबाकी त्यांच्या नावावर तशीच राहिली होती. त्यांना पुढे विभागाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला.

आता वेगळेपणाविषयी. जीएसटी हा वस्तू व सेवांच्या पुरवठ्यावरचा कर आहे आणि तो १ जुलै २०१७ पासून लागू झाला. व्यवसाय कर मात्र व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीवरचा असून तो राज्याच्या १९७५ च्या अधिनियमानुसार आकारला जातो. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेण्यास मनाई केली आहे. त्यामुळे एक कर भरला म्हणून दुसरा चुकत नाही, आणि जीएसटीच्या खातेवहीत शिल्लक असलेल्या पैशातून व्यवसाय कर वळताही करता येत नाही. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना या करातून सूट आहे.

प्रश्न : माझ्या शिवणकेंद्रात दोन पुरुष आणि दोन स्त्रिया पगारावर आहेत. प्रत्येकाचा पगार १५,००० रुपये आहे. व्यवसाय कर किती कापावा आणि विवरणपत्र दरमहा भरावे का?

उत्तर : स्त्रियांचा मासिक पगार २५,००० रुपयांपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्याकडून काहीच कापायचे नाही. पुरुषांचा पगार १०,००० रुपयांपेक्षा जास्त असल्याने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापावेत, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. फेब्रुवारीचे ते जादा शंभर रुपये विसरले जातात आणि मग ते मालकालाच खिशातून भरावे लागतात. आपले वर्षाचे दायित्व ५,००० रुपये, म्हणजे १ लाखाच्या खूप खाली असल्याने विवरणपत्र वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत भरायचे आहे. नोंदणी याच वर्षी घेतली असेल तर मात्र पहिल्या वर्षापुरते ते दरमहा द्यावे लागते. कर आधी भरावा, चलनाचा तपशील विवरणपत्राशी ताडून पाहावा आणि मगच ते दाखल करावे. नुसती रक्कम भरून विवरणपत्र राहिले तर विलंब शुल्क लागतेच.

प्रश्न : जीएसटीचे चलन भरताना राज्याच्या कराची रक्कम चुकून केंद्राच्या रकान्यात गेली. आता काय करावे?

उत्तर : घाबरू नका. जीएसटीत चलनाने भरलेले पैसे आधी आपल्या इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीत जमा होतात आणि थ्री-बी, म्हणजे त्या कालावधीच्या कराचा गोषवारा देणारे विवरणपत्र भरताना ते कराकडे वळते होतात. ते तेथून वापरले गेले नसतील तर पीएमटी-०९ हा नमुना भरून एका शीर्षातून, म्हणजे कराच्या रकान्यातून, दुसऱ्या शीर्षात हलवता येतात. खातेवहीत पैसे आहेत म्हणून कर भरला गेला, असे समजून काही जण विवरणपत्र मागे ठेवतात आणि विलंब शुल्क दिवसागणिक वाढत राहते. म्हणून आज प्रथम रक्कम योग्य शीर्षात हलवा, खातेवही पुन्हा उघडून राज्याच्या रकान्यात ती दिसते याची खात्री करा आणि लगेच विवरणपत्र दाखल करा.