ट्रायल्स सायकलचा गिअर निवडताना

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता सायकलने अडथळे पार करण्याचा खेळ. त्यासाठीची तुमची सायकल २६ इंची असेल तर पुढच्या दातेरी चक्राला १८ व मागच्या चक्राला १५ दाते आणि २० इंची असेल तर पुढे १८ व मागे १२ दाते, या रूढ जोड्यांपासूनच सुरुवात करावी. आकडे वेगळे असले, तरी चाकांचे आकारही वेगळे असल्याने पेडलच्या एका फेऱ्यात दोन्ही सायकली साधारण सारखेच, म्हणजे सुमारे अडीच मीटर अंतर कापतात.

ट्रायल्समध्ये पेडल क्वचितच पूर्ण फिरते. मागच्या चाकावर तोल सांभाळून ब्रेक सोडताच दिलेल्या जेमतेम पाव फेऱ्याच्या झटक्यात, म्हणजे पेडल किकमध्ये, सायकल पुढे झेपावली पाहिजे. गिअर जड असेल तर झटका मध्येच विरतो आणि पुढचे चाक खाली येते. फार हलका असेल तर पाय तळाशी पोहोचतो, पण सायकल पुरेशी पुढे जात नाही. म्हणून गिअरची पारख सपाट रस्त्यावर करू नये. तिथे योग्य गिअरही हलकाच वाटतो.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- कसलेल्या स्वाराचा जड गिअर पाहून तोच बसवणे.
- मागच्या चक्राचे दाते एकदम दोन-तीनने कमी-जास्त करणे. एका दात्यानेच सहा ते नऊ टक्के फरक पडतो आणि तो पायाला स्पष्ट जाणवतो.
- दातेरी चक्र बदलल्यावर साखळीचा ताण न तपासणे. सैल साखळी नेमकी झटक्याच्या क्षणी निसटते आणि गुडघा हँडलवर आदळतो. ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

पेडल किक मारून दोन्ही चाकांवर नीट उतरता येईपर्यंत गिअर बदलू नका.