चौकशीच्या प्रसंगाला थप्पड लागत नाही

तुम्ही विचारलंय की थरारकथेतला तुमचा अधिकारी ओरडतो, टेबलावर हात आपटतो, तरी वाचणाऱ्यांना चौकशीचा प्रसंग सपक का वाटतो. अहो, आपटतो म्हणूनच!

मी स्वतः एकदा चौकशीला बसलोय. पोलिसांच्या नाही, नोकरीतल्या. हिशेबात रक्कम जुळत नव्हती आणि शेवटची सही माझी होती. समोरच्या गृहस्थांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

"त्या दिवशी किती वाजता निघालात?"

साडेसहा, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मग किल्ली कुठं ठेवता, जेवायला कुणाबरोबर बसता, असलं फुटकळ काहीबाही. दहाएक मिनिटांनी, "किती वाजता निघालात म्हणालात?"

"साडेसहा... पावणेसात असतील."

त्यांनी आधीची वेळ खोडली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. मी एका पैशालाही हात लावला नव्हता, पण ते टोपण 'टक्' वाजलं तेव्हा माझाच मला संशय आला. (चूक बेरजेत निघाली. माफी कुणी मागितली नाही.)

हे सगळं मी कथेत घातलं, तर एका संपादकांनी परत पाठवलं. "यात काही घडतच नाही, एखादी थप्पड तरी टाका." मी टाकली नाही, त्यांनी छापली नाही. दुसऱ्या महायुद्धात हान्स शार्फ हा चौकशी करणारा जर्मन सैनिक युद्धकैदी झालेल्या अमेरिकी वैमानिकांना रानात फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा आणि आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं भासवायचा. समोरचा बोलता बोलता उरलेलं सांगून मोकळा. यात काही घडत नाही म्हणायचं का?

तेव्हा विचारणाऱ्याला आधीच काय माहीत आहे आणि ते तो कुठल्या ओळीला बाहेर काढणार, हे लिहिण्याआधी ठरवा. वाचकाला त्यातलं थोडं संशयिताच्या आधी कळू द्या. घाम, चुकवलेली नजर वगैरे सरळ काढून टाका. खोटं ओळखण्यावरच्या संशोधनांचा २००६ साली मोठा आढावा निघाला, त्यात लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरला होता. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात.

आता माझी चौकशी कचेरीतली होती, कोठडीतली नव्हे, हे मान्य. मारहाणीची भीती असते तिथं माणूस वेगळा वागत असणार. आणि टेबलावरचा हात तुम्हाला ठेवायचाच असेल तर एकदाच ठेवा, तोही संशयिताचा.