ठोके मंदावणारी गोळी

प्रश्न : माझे वय ५८. अडीच वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून इतर गोळ्यांबरोबर मेटोप्रोलॉल सुरू आहे. मला बीपी कधीच नव्हते, आजही ११८/७६ भरते. मग ही बीपीची गोळी मला का? सकाळी नाडी ५४ असते, जिना चढताना पाय जड होतात. माझ्या भावाला हीच गोळी अर्धशिशीसाठी दिली आहे आणि भाचीला हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल, तीही याच जातीची म्हणे. एकच औषध इतक्या दुखण्यांवर कसे चालते? मी ते बंद करू का? गेल्या महिन्यात चार दिवस घेतले नाही, तेव्हा छातीत खूप धडधडले. – एक वाचक

उत्तर : आधी त्या चार दिवसांबद्दल बोलते, कारण तुमचे पत्र वाचताना माझा जीव तिथेच अडकला. पुन्हा असे करू नका. मी शिकाऊ डॉक्टर असताना एक गृहस्थ मध्यरात्री छातीत कळ येऊन दाखल झाले होते. प्रवासात गोळ्या संपल्या, 'घरी गेल्यावर घेऊ' म्हणून राहिले, आणि चौथ्या रात्री ही वेळ आली. ते वाचले. पण तेव्हापासून बीटा ब्लॉकर, म्हणजे तुमच्या मेटोप्रोलॉलच्या जातीची औषधे, लिहून देताना मी एक वाक्य कधी चुकवलेले नाही : ही गोळी आपल्या मनाने एकदम थांबवायची नाही.

का, ते समजायला औषधाचे काम पाहावे लागेल. आपण घाबरलो, धावलो, संतापलो की ॲड्रेनॅलिन आणि त्याचे भावंड नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने कामाला लागतात. हृदयाच्या पेशींवर त्यांनी टेकायच्या ठरावीक जागा असतात, त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. तिथे रसायन टेकले की ठोके वाढतात, आकुंचनाचा जोर वाढतो. बीटा ब्लॉकर काय करते? रुमाल टाकून जागा धरावी तसे त्या जागा आधीच धरून ठेवते. ॲड्रेनॅलिन येते, पण त्याला बसायला मिळत नाही. महिनोन्महिने असे चालले की पेशी आणखी जागा तयार करतात. गोळी एकाएकी थांबली की सगळे रुमाल एकदम उचलले जातात आणि पूर्वीपेक्षा जास्त जागा मोकळ्या सापडतात. तुमची ती धडधड यातलीच असावी. म्हणून ही गोळी बंद करायची झाली तरी डोस एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात.

आता 'बीपीची गोळी' या नावाबद्दल. या नावाने फार गैरसमज केले आहेत. हे औषध मुळात बीपीसाठी शोधलेलेच नाही, ते शोधले हृदयशूळासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेसाठी. १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने त्यावरून वेगळाच विचार केला. हृदयाचा रक्तपुरवठा वाढवण्यापेक्षा त्याची गरजच कमी केली तर? त्यातून १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आले. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळाले. बीपी उतरते हे नंतर लक्षात आले. आज नुसत्या उच्च रक्तदाबासाठी, दुसरे काही कारण नसेल, तर बहुतेक ठिकाणी बीटा ब्लॉकर ही पहिली पसंती राहिलेली नाही.

तुमच्या ५४ च्या नाडीचा हिशेब करून बघा. नाडी ७५ असते तेव्हा एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. ५४ ला मिळतो १.१ सेकंद. आकुंचनाला दोन्ही वेळा साधारण ०.३ सेकंदच लागतो, म्हणजे वाढलेला सगळा वेळ विसाव्याच्या वाट्याला जातो. आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मुख्यतः या विसाव्यातच मिळते; आकुंचनात त्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मंद ठोके म्हणजे कमी खर्च आणि जास्त पुरवठा. मला हे आजही सुंदर वाटते.

तेव्हा चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप असे काही नसेल तर नुसत्या ५४ ला घाबरू नका. नाडी ५० च्या खाली राहू लागली किंवा भोवळ आली, तर मात्र लगेच दाखवा. जिन्यावर पाय जड होतात त्याचे कारण ही गोळी असू शकते, कारण चढताना ठोके हवे तितके वाढत नाहीत. पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. तुमच्या 'इतर गोळ्यांत' कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन असणार, त्यानेही स्नायू दुखतात. आणि व्यायामात ठोक्यांचे ठरलेले आकडे गाठायला जाऊ नका. चालताना बोलता येते आहे, पण गाता येत नाही, इतपत वेग पुरे.

आता बंद करण्याचा प्रश्न. तो विचारल्याबद्दल कुणी तुम्हाला रागावले, तर मनावर घेऊ नका. हृदयरोगतज्ज्ञही आज हाच प्रश्न विचारत आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः स्वीडनमधल्या एका अभ्यासात झटका येऊन गेलेले, पण हृदयाचे पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते तो आकडा) ५० टक्के किंवा अधिक असलेले ५,०२० रुग्ण होते. साडेतीन वर्षांनी मृत्यू किंवा नवा झटका यांचे प्रमाण बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत ७.९ टक्के, न घेणाऱ्यांत ८.३ टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ३,६९८ रुग्णांच्या अभ्यासात चालू गोळी थांबवून पाहिली. मृत्यू वाढले नाहीत, पण थांबवणाऱ्यांना हृदयाच्या तक्रारीसाठी रुग्णालयात जास्त वेळा जावे लागले.

म्हणून माझा तुम्हाला एकच प्रश्न आहे : तुमचे पंपिंग किती? शेवटच्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद काढा. ते ५० च्या वर असेल, छातीत दुखत नसेल, ठोक्यांची अनियमितता नसेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'ही गोळी कमी करून बंद करता येईल का' असे सरळ विचारा. ४० किंवा त्याखाली असेल, तर ही गोळी सोडायचा विचारही नको.

ते इतक्या ठामपणे का म्हणते, तेही सांगते. मी विद्यार्थिनी असताना पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर लिहिणे म्हणजे परीक्षेत नापास. थकलेल्या हृदयाचा जोर आणखी कमी कसा करणार? पुढे मीही मुलांना हेच शिकवले. खरे तर १९७५ मध्येच स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी अशा सात रुग्णांना ते दिल्याचे प्रसिद्ध झाले होते. कुणाचा फारसा विश्वास बसला नाही. १९९९ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, एक बिसोप्रोलॉलचा, दुसरा मेटोप्रोलॉलचा, आणि दोन्हींत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. अशक्त हृदयाला ॲड्रेनॅलिनचा रोजचा चाबूकच मारत होता. डोस अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा, एवढेच पथ्य. मी चुकीचे शिकवले होते, आणि ज्यांना ही गोळी तेव्हा मिळू शकली नाही ते चेहरे मला आठवतात.

भावाच्या अर्धशिशीत ही गोळी चालू दुखणे थांबवत नाही. रोज घेतली तर काही आठवड्यांनी झटके कमी होतात. भाचीचे वेगळे. बीटा रिसेप्टर दोन ठळक प्रकारचे : पहिला मुख्यतः हृदयात, दुसरा श्वासनलिका, रक्तवाहिन्या आणि स्नायूंत. मेटोप्रोलॉल मुख्यतः पहिल्यावर काम करते, प्रोप्रॅनोलॉल दोन्हींवर, म्हणून ते हाताची थरथर कमी करते. ती इतकी कमी होते की नेमबाजी आणि तिरंदाजीच्या स्पर्धांत ही औषधे निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदके प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली गेली. भाचीला दमा असेल तर मात्र तिने हे औषध घेऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सावध राहावे : साखर घसरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो. घाम आला की साखर तपासा.

प्रश्न : माझ्या आईला जुना दमा आहे. दोन महिन्यांपासून काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू आहेत आणि दम्याचा पंप जास्त वेळा लागतो. डोळ्यांच्या थेंबांचा छातीशी काही संबंध असेल का? – एक वाचक

उत्तर : आहे, आणि तुमच्या लक्षात आले हे फार बरे झाले. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकरच आहे. थेंब डोळ्यातून नाकात उतरतात, तिथून थेट रक्तात जातात, आणि दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर अडल्यामुळे श्वासनलिका आकसते. दम्याच्या पंपातले औषध ज्या जागांवर काम करते, नेमक्या त्याच जागा हे थेंब अडवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून दम्याचे सांगा. काचबिंदूसाठी दुसऱ्या जातीचे थेंब मिळतात, ते बदलून देतील. डोळ्याचा दाब वाढू द्यायचा नाही, म्हणून औषध बंद करून नुसते बसू नका. आणि श्वास फारच लागला तर फोनची वाट न पाहता आईला थेट रुग्णालयात न्या, थेंबांची बाटली सोबत घ्या.