विमानाचे कंट्रोल्स शिकायचेत? आधी कॉम्प्युटर विसर

फ्लाय-बाय-वायरचे (कॉम्प्युटरमार्फत विमान हाताळण्याच्या पद्धतीचे) व्हिडिओ तूर्तास बंद कर. सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या हव्यात:

- एलेरॉन (पंखांच्या टोकाजवळ) : विमान डावी-उजवीकडे कलतं
- एलेव्हेटर (शेपटीवर, आडवा) : नाक वर-खाली
- रडर (शेपटीवर, उभा) : नाक डावी-उजवीकडे

पहिली चूक इथेच होते. रडर म्हणजे गाडीचं स्टिअरिंग नव्हे! विमान वळतं ते मुख्यतः कलून. पंखांचं उचलणारं बल तिरकं झालं की त्याचाच एक भाग विमानाला वळणाच्या आत ओढतो. रडर नाक उडण्याच्या दिशेशी जुळतं राखायला मदत करतो. कागदावर बाण काढून बघ. यात अख्खी संध्याकाळ गेली तरी हरकत नाही.

दुसरी चूक: ऑटोपायलट (वैमानिकाऐवजी विमान आपोआप उडवणारी यंत्रणा) आणि फ्लाय-बाय-वायर एकच समजणं. फ्लाय-बाय-वायरमध्ये वैमानिक स्वतः उडवत असला तरी त्याचा हुकूम विजेच्या संदेशातून, कॉम्प्युटरमार्फत जातो.

इतिहास क्रमानेच वाच. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पंखच पिळले होते. पुढे पंख पिळण्याऐवजी तारा-पुल्यांनी हलणारे एलेरॉन आले. विमानं मोठी आणि वेगवान झाली, हाताचा जोर पुरेना, म्हणून हायड्रॉलिक्स (द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आलं. १९८८ मध्ये सेवेत आलेलं एअरबस ए३२० हे डिजिटल फ्लाय-बाय-वायरचं पहिलं प्रवासी विमान. तेजस हे भारतीय लढाऊ विमान मुद्दाम अस्थिर का ठेवलंय, ते नंतर बोलू.

आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून कुठे निघालास तर पंखामागची खिडकी माग. पाय पसरायला जागा मिळेलच असं नाही, पण उतरताना पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या दिसतील. ते स्पॉयलर.