जुन्या गॅरेजच्या वाकड्या भिंती सरळ करून तिथे अभ्यासाची खोली कशी करावी?

समजा, गॅरेजची विटांची भिंत ओळंब्याच्या (सरळ उभ्या रेषेच्या) सुमारे ४० मिमी बाहेर आहे. एवढा फरक केवळ गिलाव्याने भरून काढू नये, कारण जाड थर स्वतःच्या वजनाने सुटण्याचा धोका असतो. त्याऐवजी भिंतीपासून थोडे अंतर सोडून जीआय चॅनेलचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्यांचा) सांगाडा ओळंब्यात उभा करावा, वीजवाहिन्यांचे पाइप टाकून सांगाड्यात ५० मिमी जाडीचे रॉकवूल (उष्णता व आवाज अडवणारी खनिज लोकर) भरावे आणि वर १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड स्क्रूने बसवावा. मात्र भिंतीला ओल असेल, तर आधी बाहेरून जलरोधक काम करून एक पावसाळा जाऊ द्यावा (एवढा धीर सहसा कोणाला नसतो), अन्यथा बोर्डामागे बुरशी धरते. बोर्ड जमिनीपासून १० मिमी वर ठेवावा. सांध्यांना टेप, पुट्टी आणि शेवटी रंग.