'कमी खा, जास्त चाल' हे सगळ्यांनाच माहीत असताना लठ्ठपणावर संशोधन करून करिअर होतं का?

तुम्ही कोल्हापुरात एम.एस्सी. फूड सायन्स करताय, पुढं पोषण आणि लठ्ठपणा यावर पीएचडी करायचं मनात आहे, आणि घरचे विचारतात की कमी खा, जास्त चाल एवढं सांगायला पीएचडी कशाला. हा शेवटचा भाग वाचला आणि लिहायला बसले.

करिअर होतं. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा निघाली तर सध्या महिना ३७,००० रुपये मिळतात. नाही निघाली तर प्रकल्पांतल्या तात्पुरत्या पदांवर राहावं लागतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि पुण्यात केईएम रुग्णालयाचा मधुमेह विभाग तुम्हाला माहीत असतीलच, तिथपासून शोधायला लागा.

आता घरच्यांचं. हेच वाक्य मी माझ्या मामांकडून ऐकत मोठी झाले. मामा कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या तालमीत घडलेले पैलवान, साठी उलटली तरी अंगानं कसलेले. आई त्यांची थोरली बहीण, वजन नव्वदीच्या आसपास. लग्न असो, वास्तुशांत असो, पंगतीत मामा तिच्या ताटाकडं बघून म्हणणार, "अक्का, जरा जिभंला आवर घाल की." आई हसायची आणि भात बाजूला सारायची. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई चारचौघांत ताट अर्धवट सोडून उठायची. मला ते कधीच सहन झालं नाही. मी या विषयात आले ते त्यामुळं.

पीएचडी चालू असताना एका रविवारी आमच्याकडं मटणाचा बेत होता. मामा पांढरा रस्सा ओतून घेत म्हणाले, "भाकरी अर्धी करा, एवढं सांगाय किती वर्सं लागत्यात गं तुला?" मी आतून वही आणि मापाच्या वाट्या घेऊन आले. म्हटलं, "मामा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत, सांगा."

आमच्या कामात हे रोजचं आहे. माणसाला समोर बसवून मागच्या चोवीस तासांतलं खाणं विचारायचं, वाटी-पळी दाखवून माप घ्यायचं. मामांनी झटक्यात सांगून टाकलं: दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, आमटी, रात्री दूध-भाकरी. "संपलं. लिही."

मग दुसरी फेरी. यात खाण्याबद्दल विचारायचं नाही, दिवसाबद्दल विचारायचं. उठून कुठं गेलात? फिरायला. परत येताना? कट्ट्यावर. म्हणजे म्हशीचं धारोष्ण दूध, मोठा ग्लास. त्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. नंतर दुकानात चहा, मित्र आला म्हणून परत चहा. मामी आतून म्हणाल्या, "आणि चारला शेंगदाणं-गूळ कोण खातंय?" तेही लिहिलं. भाजीत तेल किती ते मामांना ठाऊकच नव्हतं. महिन्याचं तेल मामींना विचारून घरातल्या माणसांवर वाटलं. बेरीज पहिल्या सांगण्याच्या दीडपटीच्या वर गेली.

मग आईला तेच विचारलं. तिचंही तसंच निघालं. रश्श्याची चव बघताना दोन-तीनदा घेतलेली पळी, नातवाच्या ताटात उरलेला भात, शिळी भाकरी टाकवत नाही म्हणून खाल्लेला चतकोर, यातलं काही तिच्या पहिल्या सांगण्यात नव्हतं. मामा लगेच म्हणाले, "म्हंजे अक्का चोरून खाती, हेच की!"

मी विचारलं, "मग तुम्ही दूध चोरून पिता का?"

त्यावर ते काही बोलले नाहीत. मला ते उत्तर अजून हवं आहे.

मामांच्या बाजूनं बोलणारा अभ्यास आहे, तोही सांगते. १९९२ साली अमेरिकेत, 'आम्ही १,२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लठ्ठ लोकांना तपासलं. शरीर खरोखर किती ऊर्जा जाळतं ते दुहेरी खुणेचं पाणी, म्हणजे जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून, त्या दोन खुणा लघवीत किती उतरतात त्यावरून मोजलं. खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेलं निघालं, व्यायाम ५१ टक्के जास्त. चयापचय ठीक होतं. इथपर्यंत वाचून लोक खूश होतात आणि पुस्तक मिटतात. पण खाणं कमी सांगण्याची सवय सडपातळ माणसांतही सापडते. लठ्ठ माणसांत प्रमाण जास्त असतं, हे खरं. आठवणीची ही चूक चारित्र्यावर ढकलली की संशोधन तिथंच थांबतं.

शरीर स्वतः काय करतं तेही मोजलेलं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांचं जेवण सहा महिने जवळजवळ निम्म्यावर आणलं, तर त्यांना दिवसभर अन्नाशिवाय काही सुचेना. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबी कमी झाली की हे संप्रेरक घटतं आणि मेंदू भूक वाढवतो. २०१६ मध्ये केव्हिन हॉल यांनी टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी परत तपासले. त्यांचं विश्रांतीतलं ऊर्जा जाळणं अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होतं, आणि बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. आईला 'जिभंला आवर घाल' म्हणणाऱ्यानं हे वाचावं.

बाहेरून कसलेला दिसणारा माणूस आतून तसाच असतो, हेही खरं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच गटाला पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली सरासरी २.७ किलोची बाळं इंग्लंडमधल्या ३.५ किलोच्या बाळांहून हाडकुळी दिसली, पण कातडीखालची चरबी त्यांनी बरीचशी राखली होती. आपल्याकडं बीएमआय २३ लाच सावध व्हा म्हणतात ते उगाच नाही.

एवढं सगळं असून, मेहनत सुटल्यावर खुराक चालू राहिलेल्या पैलवानाच्या शरीरात पुढच्या वीस वर्षांत काय होतं, हा प्रश्न कोल्हापुरात बसून सोडवण्यासारखा आहे. तालमी इथं आहेत, माणसं इथं आहेत. मला विषय परत निवडायचा असता तर मी हाच घेतला असता. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बायकांचं खाणं नीट मोजायचं काम तर घराघरांत पडून आहे. त्यासाठी संख्याशास्त्र शिका, अगदी मनापासून. आहाराचे तक्ते विकायच्या धंद्यात पडू नका. सगळ्यांना एकच छापील कागद देऊन पैसे घेणाऱ्यांना मी शास्त्रज्ञ मानत नाही.

'आता वजन उतरवायची इंजेक्शनं आली, संशोधन संपलं' असंही कुणी म्हणेल. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधानं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरतं हे २०२१ मध्ये दिसलं, २०२५ पासून वजनासाठीचं ते इंजेक्शन आपल्याकडंही मिळतं. बंद केलं की वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत येतं. म्हणजे काम वाढलंच.

दोन गोष्टी राहिल्या. मी खाणं मोजणाऱ्यांपैकी आहे. जनुकांवर काम करणारी व्यक्ती तुम्हाला वेगळं सांगेल, तिलाही विचारा. आणि घर तुमच्या पगारावर चालणार असेल तर आधी नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा देऊन रुग्णालयात नोकरी धरा, पीएचडी दोन वर्षांनी केली तरी चालते. एका प्रकल्पात माझं मानधन कित्येक महिने अडकलं होतं आणि खोलीचं भाडं आईनं भरलं. म्हणून मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा, पैसे वेळेवर मिळायचे का आणि शोधनिबंधावर नाव कुणाचं आधी लागायचं, हे दोन्ही विचारा.