सोसायटीची कागदपत्रे पेपरलेसमध्ये ठेवताना

नेरूळमधील आपल्या सोसायटीचा सिडकोसोबतचा भाडेपट्टा करार आणि जुन्या पावत्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) ठेवायच्या असतील, तर पेपरलेस-एनजीएक्स हे स्कॅन केलेली कागदपत्रे साठवून शोधू देणारे सॉफ्टवेअर डॉकर कंपोझने (तयार डबाबंद स्वरूपात प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाने) बसवणेच सोयीचे पडेल. मूळ मांडणीत मराठी ओसीआर (स्कॅनमधील अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणे) नसते. त्यासाठीच्या दोन सेटिंगांची नावे जवळपास सारखी असून (हा घोळ टाळता आला असता) शेवटी ‘एस’ असलेले सेटिंग (PAPERLESS_OCR_LANGUAGES) भाषा डाउनलोड करून घेते, तर ‘एस’ नसलेले (PAPERLESS_OCR_LANGUAGE) वाचनाची भाषा ठरवते. म्हणून पहिल्यात मराठी आणि दुसऱ्यात मराठी व इंग्रजी दोन्ही लिहाव्यात, अन्यथा ‘हस्तांतरण’ असे शोधूनही काही हाती लागणार नाही. नवी कागदपत्रे ज्यात टाकायची त्या ‘कन्झ्यूम’ फोल्डरमधील फाइल पेपरलेसने आत घेतल्यानंतर तेथून काढली जाते, तेव्हा एकुलती एक प्रत तेथे टाकू नये. बॅकअपसाठी पेपरलेसमधलाच डॉक्युमेंट एक्स्पोर्टर वापरावा. पेपरलेस ज्यावर उघडते ते ८००० क्रमांकाचे पोर्ट राउटरवरून बाहेर, म्हणजे इंटरनेटसाठी, उघडू नये.